जुन्या शिडाच्या बोटीला अष्टमीचा मुहूर्त

मुंबई बंदरातल्या शिडाच्या बोटींचा मोसम पाऊस सरल्यावर उघडतो. चार महिने किनाऱ्यावर ताडपत्रीखाली काढलेल्या बोटी एकेक करून पाण्यात उतरतात. त्यांतल्या काहींचे मालक नवे असतात. कुणी क्लबातली जुनी एंटरप्राइझ घेतलेली असते, कुणी दोन-तीन हातांतून गेलेली जे-२४, तर कुणी अलिबागच्या बाजूला अंगणात पालथी पडलेली लाकडी होडी सोडवून आणलेली असते. व्यवहार झाला, नाळेवर, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकावर, हार चढला, नारळ फुटला की सगळे विचारतात, "मग, येत्या रविवारी निघायचं ना?"

इथं जरा थांबायला हवं. रविवार मालकाच्या सोयीचा असतो, पाण्याच्या सोयीचा असेलच असं नाही. जुन्या बोटीत काय काय दडलंय हेही अजून कुणाला कळलेलं नसतं. म्हणून पहिल्या फेरीचा उद्देश एकच ठेवावा: बोटीचे जे दोष असतील ते किनाऱ्याजवळ, दिवसाउजेडी आणि मदत हाकेच्या अंतरावर असताना बाहेर यावेत. मांडवा, घारापुरी, खांदेरी कुठं पळून जात नाहीत. दिवस कोणता, सोबत कोण, किती लांब जायचं हे सगळं या एका उद्देशावरून ठरवावं.

याचा धडा मुंबईतच बांधलेल्या एका बोटीकडून घेता येतो. 'सुहैली' ही ३२ फुटी सागवानी केच, म्हणजे दोन डोलकाठ्यांची बोट, कुलाब्यात बांधली गेली आणि १९६४ च्या डिसेंबरात पाण्यात उतरली. ब्रिटिश व्यापारी जहाजांवरचे अधिकारी रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन तीच बोट घेऊन मुंबईहून इंग्लंडला गेले. पुढं १४ जून १९६८ रोजी ते फाल्मथहून एकटे निघाले आणि कुठंही न थांबता जगाला वळसा घालून ३१२ दिवसांनी, २२ एप्रिल १९६९ ला परतले. असा प्रवास एकट्यानं करणारे ते पहिले. या प्रवासात अटलांटिकमध्येच सुहैलीच्या तळातून पाणी येऊ लागलं. नॉक्स-जॉन्स्टन पाण्याखाली उतरले, फळ्यांमधली उघडलेली फट शोधली, तिच्यात कापूस ठासला आणि वरून तांब्याची पट्टी खिळ्यांनी ठोकली. अर्ध्या जगाचा प्रवास या बोटीनं आधीच केलेला होता, तिचा स्वभाव त्यांना अंगवळणी पडलेला होता. म्हणून भर समुद्रात ते हे करू शकले. नव्या मालकाकडं ही ओळख नसते. ती गाठीला बांधण्यासाठीच पहिली फेरी असते.

बोट कोरी असली तरी जाणते खलाशी पायरी चुकवत नाहीत. कमांडर दिलीप दोंदे यांनी शिडाच्या बोटीतून एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणा केली, तो मान मिळवणारे ते पहिले भारतीय. त्यांची 'म्हादेई' गोव्यात रत्नाकर दांडेकरांच्या कारखान्यात बांधलेली नवी बोट होती. तरीही ऑगस्ट २००९ मध्ये मुंबईहून निघण्याआधी ते तिच्यातून मॉरिशसपर्यंत जाऊन आले होते, आणि परतीचा टप्पा त्यांनी एकट्यानं केला होता. कोऱ्या बोटीला एवढा सराव लागत असेल, तर वीस-तीस वर्षं उन्हात तापलेल्या बोटीला दोन-तीन छोट्या फेऱ्या द्यायलाच हव्यात.

तपासणीची सुरुवात माणसापासून करावी. जुन्या मालकाला गाठावं, पण त्याहून आधी ती बोट वर्षानुवर्षं सांभाळणाऱ्या खलाशाला किंवा तांडेलाला गाठावं. मालक बोटीचं कौतुक सांगतो, तांडेल तिच्या खोड्या सांगतो. "मामा, पाणी कुठून येतं?" हा प्रश्न सरळ विचारावा. येतं का, असं विचारू नये. शीड वर चढताना कुठं अडतं, सुकाणू कोणत्या बाजूला जड लागतं, मागं कधी खडकाला घासली होती का, मोटर थंडीत सुरू व्हायला किती वेळ घेते, हेही विचारून वहीत उतरवावं. जमलं तर याच माणसाला पहिल्या फेरीला सोबत घ्यावं आणि त्याला त्याची मजुरी द्यावी. पाहणी करणारा महागडा तज्ज्ञ अर्ध्या दिवसात जे पाहतो, त्यापेक्षा दहा पावसाळे त्या बोटीची ताडपत्री बांधलेल्या माणसाला जास्त ठाऊक असतं. कागदांचंही याच वेळी पाहावं. बोट ज्या बंदराच्या हद्दीत राहणार तिथली नोंद आणि परवाना नव्या नावावर झाला आहे का, आणि विमा जुन्या मालकाबरोबर संपला तर नाही ना, हे निघण्याआधी मिटवावं.

बोट किनाऱ्यावर आहे तोवर तिच्या तळाशी एक सबंध सकाळ बसावं. तळातून पाणी आत-बाहेर नेणारी जेवढी भोकं आहेत त्या प्रत्येकावर सीकॉक म्हणजे नळ असतो. तो हातानं पूर्ण बंद होतो आणि उघडतो का, ते पाहावं. वर्षानुवर्षं न हललेला नळ नेमका गरजेच्या वेळी मुठीसकट हातात येतो. त्याला जोडलेली रबरी नळी दोन क्लिपांनी आवळलेली असावी. प्रत्येक नळाशेजारी गाजरासारखी निमुळती लाकडी खुंटी दोरीनं बांधून ठेवावी. नळ तुटलाच तर ती भोकात ठोकून पाणी थांबवता येतं. खुंटी कपाटात असून उपयोग नाही, ती नळाशेजारीच हवी.

फायबरच्या बोटीचा तळ आणि डेक स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं हलके ठोकत जावं. टणक आवाज बदलून एकदम बद्द लागला तर आतला गाभा भिजलेला असण्याची शक्यता मोठी. जे-२४ सारख्या बोटींत फायबरच्या दोन थरांमध्ये बाल्सा लाकूड असतं. डेकवरच्या एखाद्या बोल्टाजवळून वर्षानुवर्षं पाणी झिरपलं की ते लाकूड आतल्या आत कुजतं. बोल्टाभोवती पाय दिल्यावर डेक दबला तर त्या बोल्टावर अवलंबून असलेल्या कुठल्याही दोरीवर पहिल्या दिवशी भरवसा ठेवू नये. एंटरप्राइझसारख्या छोट्या बोटीत हवेच्या टाक्या किंवा पिशव्या पाहाव्यात. बोट उलटली तर त्याच तिला तरंगती ठेवतात, आणि छोटी बोट कधीतरी उलटणारच, असं धरून चालावं.

लाकडी बोटीची गोष्ट वेगळी. पावसाळाभर छपराखाली राहिलेली होडी सुकते, फळ्या आकसतात, सांधे उघडतात. ती पाण्यात सोडताच सगळीकडून पाझरायला लागते आणि नवा मालक घाबरतो. फळ्यांना पाणी पिऊन फुगायला वेळ लागतो. धक्क्याशी बांधलेल्या अवस्थेत, पंप हाताशी ठेवून, तिला दोन-तीन दिवस पाण्यात राहू द्यावं. पाझर रोज कमी होत गेला तर ठीक. पहिल्या दिवशी जेवढा होता तेवढाच तिसऱ्या दिवशीही राहिला, तर तिला पुन्हा वर काढून सांधे भरून घ्यावे लागतात.

इथं एक साधी गोष्ट फार कामी येते. तळातलं सगळं पाणी उपसून, फडक्यानं कोरडं करून, आतल्या बाजूला पेन्सिलीनं एक आडवी रेघ मारावी आणि शेजारी तारीख-वेळ लिहावी. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी पाहावं. पाणी चढलं असेल तर ते गोडं आहे की खारं, हेही बघावं: थेंबभर पाणी गडद रंगाच्या पत्र्यावर टाकून उन्हात सुकवलं की खाऱ्याचा पांढरा डाग उरतो. डाग नाही उठला तर पाणी पावसाचं किंवा पिण्याच्या टाकीचं. डाग उठला तर समुद्र कुठून तरी आत येतोय.

डोलकाठी तोलून धरणाऱ्या तारांकडं आता वळावं. काठी पडते ती बहुधा लाकूड किंवा ॲल्युमिनियम मोडल्यामुळं पडत नाही. एखादी तार, तिची पिन किंवा ती जिथं बोटीला जोडलेली असते ती चेनप्लेट आधी तुटते. तारांवरून कापसाचा बोळा खालून वर फिरवावा. जिथं धागे अडकतील तिथं तारेचा एखादा पीळ तुटलेला आहे. हे काम उघड्या हातानं कधीही करू नये, तुटलेला पीळ सुईसारखा बोटात शिरतो. तार बारीक निरखताना सर्वांत जास्त लक्ष तिच्या टोकाला द्यावं, कारण जिथं ती धातूच्या नळीत शिरते तिथंच खारं पाणी साचून गंज धरतो. दहा-बारा वर्षं झालेल्या तारा दिसायला चकचकीत असल्या तरी बदलाव्यात. कधी बदलल्या हे कुणालाच सांगता येत नसेल तर त्या जुन्याच समजाव्यात. शॅकल आणि पिना नागदेवीला किंवा दारुखान्यात स्वस्त मिळतात, पण घेताना ३१६ प्रतीचं स्टेनलेस स्टील मागावं. साधं ३०४ खाऱ्या पाण्यात लवकर डागाळतं आणि खड्डे पडून कमजोर होतं. प्रत्येक टर्नबकलला स्प्लिट पिन असावी आणि तिची टोकं टेपनं गुंडाळावीत, नाहीतर पहिल्याच वळणाला शीड तिच्यावर फाटतं.

शिडाचं कापड टिकतं, शिवण आधी जाते. ऊन दोऱ्याला खातं. शीड घराच्या गच्चीवर पसरावं आणि शिवणीवरून अंगठ्याचं नख दाबून ओढावं. दोरा शाबूत असेल तर नख घसरतं. सडला असेल तर दोऱ्याचा भुगा नखाखाली येतो आणि टाके उसवतात. कापड भलं असेल तर नुसती शिवण पुन्हा मारून घेतली तरी शीड काही वर्षं चालतं. शिडाच्या खिशांतल्या बॅटन, म्हणजे पातळ पट्ट्या, काढून पाहाव्यात, मोडलेली बॅटन आतून कापड कापत राहते. नंतर एखाद्या वारा नसलेल्या सकाळी, बोट नांगरावरच असताना, दोन्ही शिडं पूर्ण चढवून उतरवावीत. दोरी कप्पीत अडकते का, शीड झरझर खाली येतं का, हे इथं कळलेलं बरं. शीड न चढणं ही फार तर गैरसोय, पण वारा वाढलेला असताना शीड खाली न येणं हा खरा धोका आहे. याच सकाळी रीफ घेऊन पाहावा, म्हणजे मेन या मोठ्या शिडाचा खालचा भाग बूमवर, त्याच्या खालच्या आडव्या काठीवर, आखडून बांधावा. नांगरावर ज्याला हे पाच मिनिटांत जमत नाही, त्याला हेलकावणाऱ्या बोटीत ते जमणार नाही.

मोटर असेल तर जुनं पेट्रोल किंवा डिझेल काढून टाकावं, फिल्टर बदलावा आणि बोट बांधलेली असताना गिअर टाकून वीस मिनिटं मोटर चालवावी. पाण्याची धार बाहेर पडतेय ना, यावर डोळा ठेवावा. टाकीच्या तळाचा गाळ शांत पाण्यात खालीच बसून राहतो. लाटांवर तो ढवळला जातो, फिल्टर तुंबतो आणि मोटर नेमकी गरज असताना बंद पडते. म्हणून जोडीला एक फिल्टर जास्तीचा आणि तो बदलण्याची हत्यारं सोबत असावीत.

नांगराबद्दल नवे मालक सर्वांत कमी विचार करतात. मोटर बंद, वारा बंद, प्रवाह खडकाकडं नेतोय, अशा वेळी बोटीजवळ उरलेला एकमेव ब्रेक म्हणजे नांगर. तो कपाटाच्या तळाशी पसाऱ्याखाली नको, नाळेवर तयार हवा. दोर किती हवा याचा हिशेब मुंबईत भरतीसकट करावा लागतो. ओहोटीला ३ मीटर पाणी, भरतीला चढणारं ४ मीटर आणि पाण्यापासून नाळेपर्यंत १ मीटर, मिळून ८ मीटर. त्याच्या पाचपट म्हणजे ४० मीटर साखळी-दोर सोडला तर नांगर धरतो. वारा असेल तर सातपट, म्हणजे ५६ मीटर. आणि दोराचं दुसरं टोक बोटीला बांधलेलं आहे का, हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहावं. न बांधलेल्या टोकासकट सगळा नांगर पाण्यात गेल्याच्या गोष्टी प्रत्येक बंदरात ऐकायला मिळतात.

आता मुहूर्ताचं. पंचांग उघडायचंच असेल तर ते भरतीसाठी उघडावं. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते, हा कोकण किनाऱ्यावरचा जुना हिशेब आहे. चतुर्थीला चारची पाऊणपट तीन, म्हणजे दुपारी आणि पहाटे तीनच्या सुमारास पूर्ण भरती, आणि साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. हा अंदाज झाला. नेमकी वेळ आणि उंची मुंबई बंदराच्या भरतीच्या कोष्टकात पाहून घ्यावी. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असतं, तेव्हा अपोलो बंदराशी पाणी सरासरी साडेतीन मीटरहून जास्त चढतं-उतरतं आणि मोठ्या उधाणाला त्याहूनही बरंच जास्त. अष्टमीपासून दशमीपर्यंत भांग असतो, तेव्हा हा फरक दीड मीटरच्या आसपास येतो. पाणी कमी हललं की प्रवाहही मंद असतो.

वाऱ्याचंही वेळापत्रक असतं. पावसाळ्यानंतर आणि हिवाळ्यात पहाटे जमिनीवरून मतलई वारा सुटतो. उन्हं चढली की तो गळतो. दुपारी समुद्रावरून खारा वारा येतो, वायव्येकडून, आणि तीन-चारपर्यंत वाढत जातो. या दोन वाऱ्यांच्या मध्ये, दहा ते बाराच्या सुमारास, बऱ्याचदा एक पोकळी असते. शीड लोंबकळतं आणि बोट कुठं जाणार हे फक्त प्रवाह ठरवतो.

ही दोन वेळापत्रकं एकमेकांवर ठेवून पाहावीत. पौर्णिमेच्या रविवारी कुणी साडेदहाला निघाला, तर वारा पडतो तेव्हाच भरती संपून पाणी उतरू लागतं. दुपारी दोन-अडीचला उधाणाची ओहोटी पूर्ण जोरात बंदराबाहेर, दक्षिणेला प्रॉन्ग्सच्या दीपगृहाच्या दिशेनं वाहत असते. प्रवाह दोन नॉटचा असेल तर तो तासाला ३.७ किलोमीटर ओढतो, आणि मंद वाऱ्यात जुन्या बोटीचा वेगही तेवढाच असतो. घराकडं तोंड करून शीड भरलेली बोट जागच्या जागी उभी राहते. अष्टमीला मात्र ओहोटी दुपारी बाराच्या सुमारास संपते. साडेदहाला निघालं तर उरलेली ओहोटी मंद, पोकळीच्या वेळी पाणी जवळजवळ थांबलेलं, आणि खारा वारा सुरू होतो तेव्हा भरती बंदराच्या आत, घरच्या दिशेनं आणू लागते. दीड-दोन वाजता, वारा वाढायच्या आत, नांगरावर परतता येतं. पहिल्या फेरीला याहून चांगला मुहूर्त नाही, मग तो मंगळवारी येवो की गुरुवारी. एक रजा टाकावी.

बोटीत तीनच माणसं असावीत: मालक, शिडकाम जाणणारा एक आणि बोट जाणणारा एक. घरच्यांना हौस असते, आजीला नातवंडांसोबत बोटीत बसायचं असतं. त्यांना धक्क्यावर पूजेला बोलवावं, पेढे वाटावेत, आणि बोटीत तिसऱ्या-चौथ्या फेरीला न्यावं. निघण्यापूर्वी प्रत्येकानं लाइफ जॅकेट अंगात घालून पट्टे आवळलेले असावेत. बाकाखाली ठेवलेलं जॅकेट पाण्यात पडलेल्याला सापडत नाही. १८ डिसेंबर २०२४ रोजी याच बंदरात, मोटरच्या चाचणीसाठी निघालेली नौदलाची एक वेगवान बोट ताबा सुटून घारापुरीला चाललेल्या प्रवासी लाँचवर आदळली आणि अनेकांचे जीव गेले. शांत दिवसाउजेडी असं घडलं, हे या बंदरात बोट सोडणाऱ्या प्रत्येकानं लक्षात ठेवायला हवं. व्हीएचएफ रेडिओ असेल तर १६ नंबरचं चॅनल लावून ठेवावं. तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक प्रत्येकाच्या फोनमध्ये असावा आणि फोन पाणी न शिरणाऱ्या पिशवीत. किनाऱ्यावरच्या एका माणसाला परतीची वेळ सांगून जावं आणि उशीर झाला तर त्यानं कुणाला कळवायचं तेही सांगावं.

कुठं जायचं? फार तर दोन किलोमीटर, नांगरलेली जागा दिसत राहील इतकंच. नौदलाची गोदी आणि उभ्या युद्धनौका यांच्यापासून दूर राहावं. तेलाचे धक्के असलेल्या जवाहर द्वीपाच्या, म्हणजे जुन्या बुचर आयलंडच्या, जवळ जाऊ नये. घारापुरी आणि मांडव्याच्या लाँचींची वाट सोडून द्यावी. मोठ्या जहाजांच्या खोल पाण्याच्या वाटेत तर थांबूच नये. शिडाच्या बोटीला मोटरवाल्यांनी वाट द्यायची, एवढंच अनेकांनी ऐकलेलं असतं. पण समुद्रातल्या टक्करी टाळण्याच्या आंतरराष्ट्रीय नियमांत हेही आहे की अरुंद वाटेतूनच जाऊ शकणाऱ्या जहाजाला शिडाच्या बोटीनं अडथळा करायचा नाही. न्हावा-शेव्याला चाललेलं कंटेनर जहाज थांबायला कितीतरी अंतर घेतं, आणि त्याच्या नाळेसमोरची छोटी बोट जहाजाच्या ब्रिजवरच्या माणसाला दिसतही नाही. किनाऱ्यालगत मच्छीमारांच्या डोल जाळ्यांच्या खुणा असतील तिथून वळून जावं. कोळ्यांचं पोट त्या जाळ्यांवर आहे, आणि सुकाणूत अडकलेलं जाळं पहिल्याच दिवशी सोडवत बसावं लागू नये. उथळ पाण्यात उतरत्या ओहोटीला शिरू नये. गाळात रुतलेली बोट पुन्हा पाणी चढेपर्यंत तिथंच कलंडून राहते.

निघताना मेन आधी चढवावं, नाळ वाऱ्याकडं असताना. मग पुढचं छोटं शीड, जिब. वारा बरा वाटला तरी रीफ घेऊनच निघावं, नंतर सोडता येतो. लाटांच्या माथ्यावर जागोजाग पांढरा फेस दिसू लागला की पहिल्या दिवसापुरता वारा पुरे झाला असं समजावं. पहिली दहा मिनिटं एकाच बाजूला कलू द्यावं आणि एकानं टॉर्च घेऊन खाली पाहावं. बोट कलते तेव्हा एरवी पाण्याच्या वर असलेले सांधे पाण्याखाली जातात, आणि जुन्या बोटीचं पाणी बहुधा तिथूनच येतं: खिडकीच्या रबरातून, चेनप्लेटच्या भोकातून, डेक आणि अंग जिथं जोडलंय त्या कडेतून. मग वळावं आणि दुसऱ्या बाजूला तेवढाच वेळ द्यावा. वाऱ्याआडच्या तारा थोड्या सैल दिसणं स्वाभाविक आहे, पण त्या दोरीसारख्या झुलत असतील तर ताण कमी आहे. तो परत आल्यावर वाढवावा, चालत्या बोटीत नव्हे.

यानंतर बोट थांबवून पाहावी. नाळ वाऱ्यातून वळवताना जिबची दोरी सोडायचीच नाही. जिब उलट्या बाजूनं भरतं, मेन सैल सोडायचं आणि सुकाणूचा दांडा, म्हणजे टिलर, वाऱ्याआडच्या बाजूला ढकलून बांधायचा. बोट जवळजवळ थबकते, हलके पुढं सरकत राहते आणि हेलकावे एकदम कमी होतात. याला हीव्ह-टू म्हणतात. काही बिघडलं, कुणाला भोवळ आली, किंवा नुसता विचार करायला उसंत हवी असली तर हाच आसरा. प्रत्येक बोट यात वेगळी वागते, म्हणून आपल्या बोटीचं काय होतं हे पहिल्याच दिवशी पाहून घ्यावं. वारा मागून घेऊन जाइब करताना मात्र मेनची दोरी आधी पूर्ण आत ओढून मगच टिलर वळवावा, आणि "डोकी खाली!" असं मोठ्यानं ओरडावं. बंदरात खलाशी आजही "हबेस" म्हटलं की ओढतात आणि "आरिया" म्हटलं की सोडतात. प्रत्येक कामाला एकच शब्द ठरवून घ्यावा आणि तो मोठ्यानं उच्चारावा. कुजबुज वाऱ्यात ऐकू येत नाही.

सोबत एक सोललेला नारळ घ्यावा. तो पाण्यात टाकला की माणसाच्या डोक्यासारखा जेमतेम वर राहून तरंगतो. एकानं त्याच्यावरची नजर न हलवता हातानं त्याची दिशा दाखवत राहावं, दुसऱ्यानं वळून परत यावं आणि नारळाशेजारी बोट थांबवावी. पहिल्या वेळी बोट त्याच्यावरून पुढं निघून जाते. पाच-सहा वेळा केल्यावर कळतं की शीड सोडल्यावर ही बोट आणखी किती अंतर घरंगळते. पाण्यात पडलेल्या माणसाला गाठणं असो की संध्याकाळी स्वतःचा बोया पकडणं असो, हेच अंतर मोजून ठेवावं लागतं. नारळापाशी पोचल्यावर आणखी एक पाहावं: भिजलेल्या कपड्यांतला सत्तर किलोचा माणूस या कडेवरून वर कसा येणार? शिडी पाण्यातल्या माणसाला स्वतः खाली ओढता येते का? येत नसेल तर वहीत पहिल्या क्रमांकावर ते काम लिहावं.

परतताना प्रवाहाच्या विरुद्ध दिशेनं बोयाकडं यावं, म्हणजे वेग आपोआप मरतो. बोया हुकला तर हात लांब करून धडपडू नये. पुन्हा फिरून यावं, भरती अजून चार तास आत येत राहणार आहे.

शिडं खाऱ्या पाण्यानं भिजलेली असतील तर गोड्या पाण्यानं धुवून सावलीत वाळवावीत. तळातलं पाणी उपसावं, किती बादल्या निघाल्या ते लिहावं. दिवसभरात जे जे अडलं, करकरलं, गळलं, सैल वाटलं ते तिघांनी मिळून वहीत उतरवावं, आठवण ताजी असतानाच. पंधरा-वीस नोंदी झाल्या तर बोट वाईट निघाली असं वाटून घेऊ नये, फेरी कामी आली. मग तळ पुन्हा फडक्यानं कोरडा करून जुन्या रेघेच्या जागी नवी रेघ मारावी, शेजारी तारीख आणि वेळ लिहावी. दुसऱ्या दिवशी नवमी. संध्याकाळी पावणेसातच्या सुमारास पाणी भरलेलं असेल तेव्हा टॉर्च घेऊन जावं, फळी उचलावी आणि रेघ पाहावी.